राजगड ते तोरणा: घरच्यांना आणि मित्रांना घेऊन पहिला मुक्कामी ट्रेक

सकाळी निघून संध्याकाळी घरी परत, असा ट्रेक आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला असतो. गड बघून होतो, फोटो निघतात, रात्री आपल्याच गादीवर झोप लागते. मुक्कामी ट्रेकची गोष्ट निराळी. दोन रात्री डोंगरावर काढल्या की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मोबाइल बंद पडलेले असतात, पाय बोलायला लागलेले असतात आणि कुणालाच कुठे जायचं नसतं. माझे बाबा आणि माझा भाचा राजगडाच्या पद्मावती माचीवर (माची म्हणजे बालेकिल्ल्याखालचा तटबंदीचा सपाट भाग) एका रात्रीत जेवढं बोलले, तेवढं त्याआधी वर्षभरात बोलले नव्हते. त्या रात्रीसाठीच मी घरच्यांना घेऊन जातो. गड हे निमित्त असतं असं मात्र म्हणणार नाही, कारण राजगड आणि तोरणा हे काही निमित्त होण्याएवढे लहान नाहीत.

हा लेख पहिल्यांदाच दोन-तीन दिवसांसाठी निघणाऱ्यांकरता आहे. उदाहरणाला राजगड-तोरणा घेतला आहे: गुंजवण्यातून राजगड चढायचा, दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून उतरून धारेने, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यावरून, तोरण्याला जायचं, तिसऱ्या दिवशी वेल्ह्यात उतरायचं. हा सोपा ट्रेक नाही. पण अधूनमधून डोंगर चढणाऱ्या, दहा वर्षांपुढची मुलं असलेल्या घराला तयारीनिशी नक्की जमणारा आहे.

आधी माणसं, मग तारीख

पाच ते आठ जण हा चांगला आकडा. चारपेक्षा कमी असले आणि एकाचा पाय मुरगळला, तर एक जण त्याच्यापाशी आणि दोघं मदत आणायला अशी वाटणी करायला माणसं उरत नाहीत. आठाच्या पुढे गेलात की प्रत्येक थांब्यावर कुणाचा तरी बूट सुटलेला असतो आणि पाच मिनिटांची विश्रांती अर्ध्या तासाची होते.

निघण्याच्या महिनाभर आधी सगळे एकदा एकत्र बसा. कुणाला दमा आहे, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला उंचीची भीती वाटते, कुणाची रोजची गोळी कोणती, हे तिथे मोकळेपणाने विचारा. लोक संकोचाने सांगत नाहीत आणि मग ते कातळटप्प्याच्या मध्यावर कळतं. त्याच बैठकीत कामं वाटून टाका. एक जण पुढे, एक जण सगळ्यात मागे, एकाकडे स्वयंपाक, एकाकडे औषधं, एकाकडे कॉन्ट्रीचा हिशेब. मुलांनाही खरं काम द्या. भाच्याकडे आम्ही पाण्याची नोंद दिली होती: कुणी किती लिटर घेतलं आणि किती उरलं. त्याने ती वहीत इतकी चोख ठेवली की तिसऱ्या दिवशी मोठी माणसंसुद्धा बाटली उघडण्याआधी त्याला सांगत होती.

मागे चालणारा माणूस गटातला सगळ्यात दमदार हवा, आणि औषधांची पिशवी त्याच्याकडे. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढच्या माणसाच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरावर ठेवा. तो मागे पडला की दर थांब्यावर सर्वांच्या शेवटी पोहोचतो आणि तो टेकतो न टेकतो तोच बाकीचे उठून चालू लागतात. ज्याला विश्रांतीची सर्वात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. तो दुसऱ्या नंबरावर असला की सगळा गट आपोआप त्याच्या वेगाने चालतो.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात ही धार निसरडी असते आणि धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही, तेव्हा नवख्यांनी तिकडे फिरकू नये. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं आणि ऊन भाजून काढतं. मार्चनंतर गडावरच्या टाक्यांतलं पाणी खाली जातं, धारेवर सावली नसते आणि वणव्याचीही भीती असते.

तारीख निवडताना पौर्णिमेच्या आसपासचे दिवस बघा. चांदण्यात माचीवर विजेरीशिवाय बसता येतं. शनिवार-रविवार टाळता आले तर उत्तम. सुट्टीच्या दिवशी राजगडावर फार गर्दी होते. गुरुवार-शुक्रवार-शनिवार असं जमवलंत तर गड तुमचा.

मुक्कामाची परवानगी

हे आधी मार्गी लावा. राजगड संरक्षित स्मारक आहे. २०२५ च्या जुलैमध्ये ज्या बारा किल्ल्यांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली, त्यांत राजगडही आहे. गडावर रात्री राहण्याचे नियम वेळोवेळी बदलतात, कधी मुक्काम पूर्ण बंद असतो. जुन्या माहितीवर विसंबू नका. निघण्याच्या आठवड्यात पायथ्याच्या गावात फोन करून आणि पुरातत्त्व विभागाकडे विचारून खात्री करा. तोरण्याबद्दलही तसंच विचारा.

मुक्काम बंद असेल तर वाद घालू नका आणि चोरून राहू नका. ट्रेक तरीही होतो. पहिली रात्र गुंजवण्यात एखाद्या घरी काढा. पहाटे राजगड चढा, गड बघा, संजीवनी माचीवरून उतरून दोन्ही गडांमधल्या खिंडीतल्या डांबरी रस्त्यावर या. तिथे आधी ठरवलेली जीप तुम्हाला वेल्ह्याला नेईल. दुसरी रात्र वेल्ह्यात, तिसऱ्या दिवशी हलक्या पाठपिशवीने तोरणा चढून उतरा. गुडघ्यांची कुरकुर असलेल्या मोठ्या माणसांसाठी मला तर हीच आखणी जास्त आवडते, कारण मोठं ओझं घेऊन चढावं लागत नाही आणि गावातल्या घरी पिठलं-भाकरी मिळते.

सराव: सहा आठवडे

पुण्यात असाल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत. मुंबई-ठाण्यात इमारतीचा जिना आहे. आठवड्यातून तीन दिवस चढ-उतार करा. पहिले दोन आठवडे रिकाम्या हाताने, मग पाठपिशवीत तीन किलो, मग पाच, मग सात. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा. वर पोहोचलात की झाडांना पाणी घाला आणि रिकामी पिशवी घेऊन उतरा. चढण्याने दम वाढतो, गुडघे मात्र बिघडतात ते उतरताना, ओझ्यामुळे. सरावात गुडघे खर्ची घालायचं कारण नाही.

निघण्याच्या दोन आठवडे आधी सगळ्यांनी मिळून पूर्ण भरलेल्या पिशव्या घेऊन एकदा सिंहगड आतकरवाडीच्या वाटेने चढा. कुणाचा पट्टा काचतो, कुणाचा बूट चावतो, हे सगळं तिथे समजतं. बूट नवे असतील तर ते निदान पन्नास-साठ किलोमीटर चालून पायाला बसलेले हवेत. उतरताना अंगठा बुटाच्या टोकाला आपटता कामा नये, म्हणून पुढे बोटभर जागा ठेवा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी नखं कापा. ही नखांची गोष्ट सगळे विसरतात आणि तोरण्याच्या उतारावर सगळ्यांना आठवते.

पाठीवर काय आणि किती

मोठ्या माणसाने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त उचलू नये. मुलांनी दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. साठ किलोच्या माणसाला बारा किलो ही हद्द झाली, दहा असले तर चाल सुखाची होते. ते दहा किलो कुठे जातात बघा: स्लीपिंग बॅग दीड किलो, मॅट अर्धा, कपडे एक, तंबूचा वाटा एक, खाणं दीड, भांडी-गॅसचा वाटा अर्धा, पाणी तीन लिटर म्हणजे तीन किलो, आणि विजेरी-औषधं-साबण वगैरे मिळून एक. म्हणजे जादा स्वेटर, जाडजूड पुस्तक आणि ब्लूटूथ स्पीकर यांना जागाच नाही. स्पीकर तर आणूच नका. रात्री गडावर दुसरेही लोक असतात, आणि आग्या मोहोळंही असतात.

कपड्यांत सुती बनियन-टीशर्ट टाळा, घामाने भिजले की वाळत नाहीत आणि माचीवरच्या वाऱ्यात अंग कुडकुडतं. चालायला ड्रायफिटचे दोन जोड, झोपायला एक कोरडा जोड. हा झोपायचा जोड काहीही झालं तरी दिवसा घालायचा नाही. कानटोपी, एक उबदार जाकीट, मोज्यांचे तीन जोड. डिसेंबरात पहाटे गार वारा कानात शिरतो, कानटोपी विसरलेला माणूस रात्रभर जागा राहतो.

पिशवी भरण्याचीही एक रीत आहे. आत आधी मोठी प्लास्टिकची पिशवी घाला, मग सामान तिच्यात. तळाला स्लीपिंग बॅग. मध्ये, पाठीला अगदी चिकटून, जड वस्तू: धान्य, गॅस, पाणी. त्याच्या बाहेरच्या बाजूला कपडे. वरती जाकीट, विजेरी, दिवसभराचं खाणं. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की पिशवी मागे ओढते आणि माणूस दिवसभर वाकून चालतो.

मग घालायची कशी? सगळे पट्टे आधी सैल करा. पिशवी मांडीवर घ्या, एक हात, मग दुसरा. आता पिशवी थोडी वर उचलून कमरेचा पट्टा पोटावर नाही तर कमरेच्या हाडावर घट्ट बांधा. त्यानंतर खांद्याचे पट्टे ओढा, पिशवी पाठीला लागेल इतपतच. छातीचा पट्टा सर्वांत शेवटी. नीट बांधलेल्या पिशवीत खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकतात, कारण बहुतेक भार कमरेवर असतो. माझ्या वहिनीने पहिला तासभर कमरेचा पट्टा लोंबता ठेवला होता. राजगडाच्या चोर दरवाजाच्या खाली थांबून तो बांधला आणि तिचा पहिला शब्द होता, "अगं बाई, सामान कुणी काढून घेतलं का?"

शिदोरी

आपल्याकडे प्रवासाची शिदोरी हजारदा तपासून झालेली आहे, बाजारातल्या महागड्या पाकिटांची गरज नाही. दशम्या घ्या. पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या थंडीत दोन दिवस मऊ राहतात. बरोबर लसणाची सुकी चटणी, लिंबाचं लोणचं, गुळाचा खडा. गूळपोळ्या संक्रांतीच्या सुमारास घरात असतातच, त्या तर या कामासाठीच जन्मल्यासारख्या आहेत. चालताना खायला शेंगदाण्याची चिक्की, खजूर, खारे शेंगदाणे, सुकं अंजीर. दर तासाला मूठभर खायचं, भूक लागायची वाट न बघता.

रात्रीच्या जेवणाला मुगाच्या डाळीची खिचडी. सहा जणांना सहाशे ग्रॅम तांदूळ आणि अडीचशे ग्रॅम डाळ पुरते. घरीच तांदूळ-डाळ कोरडे भाजून त्यात हळद, मीठ, हिंग, गोडा मसाला मिसळून एकेका रात्रीची वेगळी पिशवी बांधा. तुपाची लहान डबी वेगळी. वर पोहोचल्यावर पिशवी फोडायची आणि पाण्यात टाकायची, अंधारात डबे शोधत बसायचं नाही. तांदूळ अर्धा तास भिजवला की गॅसही वाचतो. सकाळी कांदेपोहे, आणि चहा सगळ्यांच्या आधी.

स्वयंपाक छोट्या गॅसवर, तोही परवानगी असेल तिथेच, आणि मंदिरात किंवा वाड्याच्या जोत्यावर कधीही नाही. चूल पेटवू नका. दगड काळे पडतात, गवत पेटतं, आणि धुराने मोहोळ उठतं. गडावर गावातली मंडळी झुणका-भाकर, ताक, लिंबू सरबत विकतात. ती असतील तर एक जेवण त्यांच्याकडेच घ्या. त्यांना चार पैसे मिळतात, तुमचं ओझं कमी होतं आणि वाटेची ताजी खबरही कळते.

पाणी

राजगडावर पद्मावती मंदिराजवळ पाण्याची टाकी आहेत, तोरण्यावर मेंगाई मंदिराच्या परिसरात. या दोन्हींच्या मधल्या धारेवर भरवशाचं पाणी नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी निघताना मोठ्यांनी तीन ते चार लिटर आणि मुलांनी दोन लिटर घ्यायलाच हवं. टाक्यातलं पाणी फडक्यातून गाळा आणि उकळा, किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्ध्या बाटलीत सगळं पाकीट ओतू नका.

मी पहिल्यांदा ही धार चाललो तेव्हा आम्ही माणशी दोनच लिटर घेतलं होतं. अकराच्या आत बाटल्या कोरड्या पडल्या. धारेवर एका धनगराच्या घरापाशी टेकलो तेव्हा घरातल्या मावशींनी न विचारता ताक दिलं आणि मग हंडा पुढे केला. आम्ही बाटल्या भरल्या. हंडा निम्मा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे पाणी त्यांनी डोक्यावरून, डोंगर उतरून-चढून आणलेलं आहे. "भरा की, आनू परत," त्या म्हणाल्या. त्यांनी पैसे घेतले ते फक्त ताकाचे. तेव्हापासून मी पाण्याचा हिशेब मांडल्याशिवाय कुणालाही त्या धारेवर नेत नाही.

पहिला दिवस: गुंजवणे ते पद्मावती माची

पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर फाट्याला म्हणजे चेलाडीला वळायचं, तिथून मार्गासनी, साखर आणि गुंजवणे. गाडी आणली तर ती गुंजवण्यात राहते आणि तुम्ही उतरता वेल्ह्यात, म्हणून एसटी किंवा ठरवलेली जीप बरी. निघताना गावात एका घरी आणि पुण्यात एका नातेवाइकाला तुमची आखणी लिहून द्या: किती जण, कुठे मुक्काम, तिसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन येईल.

सवयीची माणसं दोन-अडीच तासांत चोर दरवाजाने वर येतात. ओझं आणि मुलं असली तर चार तास धरा. चाल अशी ठेवा की चालता चालता गप्पा मारता येतील. बोलणं तुटायला लागलं म्हणजे वेग जास्त झाला. शेवटचा टप्पा खडा आहे, रेलिंग आहे, एका वेळी एकानेच जायचं. ज्यांना हा टप्पा नको, त्यांनी पाली दरवाजाची वाट धरावी. ती रुंद आहे, पायऱ्या आहेत, लांब पडते पण सुखाची आहे. आम्ही बाबांना त्या वाटेने नेलं होतं.

चोर दरवाजातून आत शिरलं की समोर पद्मावती तलाव. पिशव्या उतरवा, चहा घ्या, आणि ऊन कलल्यावर रिकाम्या पाठीने बालेकिल्ला, म्हणजे गडाचा सगळ्यात उंच भाग, करा. त्याची वाट अवघड आहे, मुलाच्या मागे एक मोठं माणूस हवंच. रायगडाआधी सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी इथे होती. १६७० साली राजाराम महाराज याच गडावर जन्मले. मुलांना हे गाडीत सांगू नका, बालेकिल्ल्यावर वाड्याच्या जोत्याशी बसून सांगा.

तंबू उजेडातच उभारा. तंबूची चेन कायम लावलेली, बूट आत, आणि सकाळी घालण्यापूर्वी झटकायचे, विंचवासाठी. रात्री उठायचं झालं तर विजेरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. शौचाला पाण्यापासून निदान साठ-सत्तर पावलं लांब, खुरप्याने वीतभर खोल खड्डा करून, नंतर माती लोटून. टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पुरू नका; प्रत्येक बाईला आणि मुलीला निघतानाच एक काळी झिपची पिशवी द्या, ती खाली घेऊन यायची. मुलींनी हे विचारायची वाट बघू नये. आमच्यात हे काम वहिनी करते, आणि त्यामुळे दोन मैत्रिणी पुढच्या ट्रेकलाही आल्या.

दुसरा दिवस: धार

हा खरा दिवस. सुवेळा माचीच्या नेढ्यातून, म्हणजे कातळातल्या आरपार भोकातून, सूर्योदय बघायची फार इच्छा होते, पण आज तो सोडा. त्यासाठी राजगडावर एक जादा रात्र ठेवणं हा त्यावरचा सगळ्यात सुंदर उपाय आहे. आज उजाडताच पिशव्या पाठीवर हव्यात.

संजीवनी माची अडीच किलोमीटरच्या आसपास लांब आहे, तिची दुहेरी चिलखती तटबंदी बघतच आळू दरवाजाकडे उतरायचं. दरवाजाखालचा उतार घसाऱ्याचा. इथे पावलं छोटी, पाय थोडे आडवे, गुडघे किंचित वाकलेले, आणि एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने उभं राहायचं नाही. पायाखालून दगड सुटला तर तो कितीही लहान असो, मोठ्याने "दगड!" असं ओरडायचं. हे सगळ्यांना आधी दोनदा सांगा.

मग कारवीचं रान सुरू होतं. सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी ही झुडपं एरवी हिरवी-करडी आणि खरखरीत असतात, पण उतारावर हाताला धरायला तीच असतात. धारेवर फाटे फुटतात. शक्यतो माथ्याची धार सोडायची नाही, एका कुशीला खाली उतरणारी रुळलेली वाट बहुतेक गावाकडे किंवा गुरांच्या पाण्याकडे जाते. शंका आली तर सगळ्यांनी थांबायचं, दोघांनी दहा मिनिटं पुढे जाऊन बघून यायचं. वाट माहीत असलेलं गटात कुणीच नसेल तर गुंजवण्यातला वाटाड्या घ्या. त्याला त्याचे पैसे द्या, घासाघीस नको.

दोन्ही गडांच्या मध्ये भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता धारेला आडवा येतो. इथे एक नियम करा आणि तो मोडू नका: दुपारी बारापर्यंत सगळा गट इथे पोहोचला नाही, किंवा कुणी फार थकलेलं असलं, तर तोरणा आज नाही. रस्त्याने वेल्ह्याला जायचं. पुढे शेवटचा चढ खडा आहे, कातळटप्पा आहे, आणि डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो. आम्ही एकदा इथून परत फिरलो. भाच्याच्या टाचेला फोड आला होता आणि त्याने तो लपवला होता. टाचेला चटका बसतोय असं वाटताच थांबून मोजा काढायचा आणि त्या जागी चिकटपट्टी लावायची, ही दोन मिनिटांची गोष्ट. त्याने ती गट थांबेल या भीतीने टाळली. त्याला कुणी रागावलं नाही. मात्र तेव्हापासून दर तासाच्या थांब्यावर मागचा माणूस मोठ्याने विचारतो, "पाय?" आणि प्रत्येकाला उत्तर द्यावंच लागतं.

वेळेत असाल तर पुढे चला. समोर तोरण्याच्या बुधला माचीचा सुळका उपड्या बुधल्यासारखा उभा असतो आणि तासभर चाललं तरी जवळ येत नाही. कातळावर तीन ठिकाणी आधार पक्का असल्याशिवाय चौथा हात किंवा पाय हलवायचा नाही. मुलांच्या पिशव्या इथे मोठ्यांनी घ्याव्यात, आणि वीस-पंचवीस मीटरचा दोर असेल तर तो वापरायला येणारा माणूसही असावा. माची चढून कोकण दरवाजातून आत शिरलं की मेंगाईचं मंदिर. राजगडावरून निघाल्यापासून सवयीच्यांना सहा तास, घरच्यांना घेऊन आठ-नऊ.

या संध्याकाळी काही ठरवू नका. खिचडी होईपर्यंत माणसं दगडाला पाठ टेकून बसतात, आणि समोर दिवसभर चाललेली सगळी धार पडलेली असते, पार मागे राजगडापर्यंत. आमच्या वेळी बाबा बराच वेळ तिकडे बघत होते आणि मग भाच्याला एकेक टप्पा बोटाने दाखवायला लागले: तो आळू दरवाजा, ते मावशींचं घर, तिथे तू पडलास. १६४६ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी घेतलेला हा गड, इथे सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला असं सांगतात, हेही त्याच ओघात आलं. तोरण्यावर भूत आहे ही जुनी समजूतही निघाली, आणि भाचा बाबांच्या मॅटला मॅट चिकटवून झोपला.

तिसरा दिवस आणि अडीअडचण

झुंजार माची बघा, मग कोठी आणि बिनी दरवाजाने वेल्हे. उतार तीव्र आहे. काठी घ्या, बुटाच्या नाड्या घोट्याशी घट्ट करा, गुडघ्याला पट्टी लागत असेल तर ती निघतानाच बांधा.

संकटाबद्दल थोडं. मोहोळ उठलं तर हात झाडू नका, चेहरा-मान झाकून त्या जागेपासून दूर व्हा. अत्तर आणि वासाचे स्प्रे घरीच ठेवा. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, चोखू नका. माणसाला निजवून, चावलेला हात किंवा पाय फळीसारखा स्थिर ठेवून लवकरात लवकर रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेला १०८, इतर मदतीला ११२. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांनी डोंगरातल्या बचावासाठी समन्वय केंद्र चालवलं आहे, त्याचा मदत क्रमांक निघण्याआधी सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. धारेवर रेंज कुठे मिळते हे वाटाड्याला विचारून ठेवा.

कचरा सगळा खाली, संत्र्याची सालंसुद्धा.

घरी आल्यावर तंबू आणि स्लीपिंग बॅग त्याच दिवशी उन्हात टाका, नाहीतर बुरशी धरते. मग पिशवी जमिनीवर रिकामी करून दोन ढीग करा: वापरलेल्या वस्तू आणि न वापरलेल्या. औषधं, रेनकोट आणि दोर सोडून दुसऱ्या ढिगात जे काही असेल त्याची यादी वहीत लिहा आणि ती वही पिशवीच्या वरच्या कप्प्यातच ठेवा. आमच्या वहीत पहिलं नाव भाच्याच्या अक्षरात आहे: "आजोबांची इस्त्रीची पँट."